उंच केलेल्या गाडीचे स्टीअरिंग पुन्हा पुन्हा थरथरते : दुरुस्ती टिकत का नाही आणि तपासणी कोणत्या क्रमाने करावी

गाडी उंच केल्यानंतर ताशी 60 च्या आसपास पुढचे चाक एखाद्या खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून गेले की स्टीअरिंग एकाएकी डावी-उजवीकडे झटके देऊ लागते, वेग 30 च्या खाली आणल्याशिवाय ते थांबत नाही, अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून आणले की काही दिवस गाडी बरी चालते आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते. माझ्या जिप्सीवर हा अनुभव मी सुमारे सव्वा वर्ष घेतला. तेवढ्या काळात चार वेळा अलाइनमेंट झाले, दोन टायर बदलले, टाय रॉडचे (पुढची दोन चाके जोडणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट नवे बसवले आणि शेवटी झटके शोषणारा स्टीअरिंग डॅम्परही लावला. प्रत्येक उपायाने आजार दबला, गेला मात्र नाही. दोष कुठे होता हे कळल्यावर लक्षात आले की बदललेला प्रत्येक सुटा भाग बिघाडाचा बळी होता, त्याचे कारण नव्हे. कारण गाडीच्या बदललेल्या कोनांत होते, आणि कोन चुकीचे राहिले तोवर नवे भागही लवकरच ढिले होत राहिले.

गाडी उंच करण्याची गरज खरी होती. आमचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे आणि तिथे पोहोचण्यासाठी एक व्हाळ (ओढा) व त्यापुढे जांभ्या दगडांची चढण ओलांडावी लागते. पावसाळ्यात पाणी माती धुऊन नेते, दगड उघडे पडतात आणि गाडीचे पोट त्यांवर आपटते. म्हणून मूळच्या 205/70 आर 15 टायरऐवजी 235/75 आर 15 टायर घातले आणि ते मडगार्डला घासू नयेत म्हणून पुढे-मागे प्रत्येकी 50 मिलिमीटर जास्त लांबीचे शॅकल, म्हणजे पाट्याचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) एक टोक चॅसीला टांगणारे दुवे, बसवले. हा सर्वांत स्वस्त मार्ग असतो आणि गॅरेजमध्ये तोच प्रथम सुचवला जातो.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी सुरक्षेची एक गोष्ट सांगतो, कारण ही थरथर पहिल्यांदा अनुभवणारा माणूस घाबरून ब्रेकवर जोरात पाय देतो. तसे करू नये. जोराच्या ब्रेकने वजन पुढच्या चाकांवर येते आणि झटके आणखी वाढू शकतात. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट पण झटक्यांशी कुस्ती न करता धरावे, ब्रेक हलकाच लावावा आणि गाडी डाव्या बाजूला घ्यावी. त्यानंतर ताशी 40 च्या वर न जाता घरी यावे आणि तपासणी होईपर्यंत ती गाडी महामार्गावर नेऊ नये.

थरथर नेमकी कोणती आहे?

मेस्त्रीला केवळ "गाडी व्हायब्रेट होते" असे सांगितले की तो चाके बॅलन्सिंगला पाठवतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण या एका शब्दात चार वेगळे बिघाड दडलेले असतात. गुळगुळीत रस्त्यावर ठरावीक वेगाला बारीक कंप येतो आणि वेग वाढवला की तो कमी होतो, तर चाकाचे बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम हे कारण असण्याची शक्यता मोठी असते. कंप स्टीअरिंगपेक्षा पायाखालच्या पत्र्यात आणि सीटमध्ये जाणवतो, तर प्रॉपेलर शाफ्टच्या (एक्सलकडे इंजिनची शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसकडे, म्हणजे सांध्याकडे, पाहावे, कारण उंची वाढली की त्या शाफ्टचा उतारही वाढतो. सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, सतत हाताने सावरावी लागते आणि वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप मागे येत नाही, तर कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे असलेला कल) कमी झाला आहे असे समजावे. खड्डा किंवा सांधा हे निमित्त होऊन जोरदार झटके सुरू होतात आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाहीत, तेव्हा कुठेतरी सांध्यात खेळ (ढिलेपणा) आहे आणि त्याला कोनांच्या बिघाडाची साथ मिळाली आहे. माझ्या गाडीत शेवटची दोन्ही लक्षणे होती. मांडवीच्या पुलावरील सांधे ओलांडताना झटके हमखास सुरू होत, आणि केरीहून साखळीपर्यंतच्या सरळ पट्ट्यांवर गाडी कधीच स्वतःहून सरळ धावत नसे.

स्पीडोमीटरचा हिशेबही येथे करून ठेवावा. 205/70 आर 15 टायरचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर येतो आणि 235/75 आर 15 चा सुमारे 733. म्हणजे काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात जवळपास 66 ने धावत असते. "साठला थरथरते" असे मी सांगत होतो तो आकडाच चुकीचा होता.

कॅस्टर आणि शॅकलचा हिशेब

सायकलचा पुढचा चिमटा किंचित पुढे झुकलेला असतो, म्हणजे ज्या अक्षाभोवती चाक वळते त्या अक्षाचे वरचे टोक मागे असते. तो अक्ष खाली वाढवला तर टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या थोडा पुढे जमिनीला मिळतो. टेकण्याची जागा त्या बिंदूच्या मागे ओढली जाते, म्हणून चाक आपोआप सरळ राहू पाहते आणि हात सोडूनही सायकल चालवता येते. मोटारीत हेच काम किंगपिनचे, म्हणजे चाक ज्याभोवती डावी-उजवीकडे वळते त्या खिळीचे असते; तिचा अक्ष मागे झुकलेला असतो आणि त्या कलाला कॅस्टर म्हणतात. सरळ एक्सलच्या (पुढची दोन्ही चाके एकाच आडव्या एक्सलवर असलेल्या) गाड्यांत तो अवघा काही अंशांचा असतो, त्यामुळे त्यातून दोन-तीन अंश गेले तर थोडीफार नव्हे, जवळजवळ सगळी शिल्लक संपते.

जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो आणि मागचे टोक चॅसीला पक्के जोडलेले असते. शॅकल 50 मिलिमीटरने लांब केला की पाट्याचे पुढचे टोक चॅसीच्या तुलनेत तितके खाली जाते आणि मागचे टोक जागेवर राहते. एक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असल्यामुळे गाडी प्रत्यक्षात 25 मिलिमीटरच उंच होते, पण पाटा मात्र नाक खाली करून कलतो. दोन टोकांतले अंतर 900 मिलिमीटर धरले तर हा कल सुमारे 3.2 अंश भरतो, आणि एक्सल पाट्याला यू-बोल्टने आवळलेला असल्याने किंगपिनचा अक्षही तितकाच पुढे झुकतो. अवघ्या एका इंचाच्या उंचीसाठी सव्वातीन अंश कॅस्टर द्यावा लागतो, हा व्यवहार मला आजही अत्यंत महाग वाटतो. माझ्या गाडीचा कॅस्टर मोजला तेव्हा डाव्या बाजूला 0.4 आणि उजव्या बाजूला 0.2 अंश भरला.

मग चार अलाइनमेंटमध्ये हे कोणालाच का दिसले नाही, असा प्रश्न मला पडला होता. सरळ एक्सलच्या गाडीत टाय रॉड एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जातो आणि एक्सलबरोबरच खाली-वर होतो, त्यामुळे उंची वाढवल्याने टो (वरून पाहता चाकांच्या पुढच्या कडा किती आत-बाहेर वळल्या आहेत ते माप) फारसा बदलत नाही. कॅस्टर बदलतो, पण तो बदलण्यासाठी या गाड्यांत कोणताही नट दिलेला नसतो. यंत्रावर कॅस्टरचा आकडा लाल दिसला तरी चालक तो सोडून देतो, टो जुळवतो आणि हिरवा झालेला आकडा दाखवतो. टो किंचित आत घेतल्याने बॉल जॉइंटमधला खेळ एका बाजूला दाबला जातो आणि काही दिवस गाडी सुधारल्यासारखी वाटते. तो दाब सैल झाला की तक्रार परत येते. म्हणून अलाइनमेंट करताना छापील कागद मागून घ्यावा आणि त्यात दोन्ही बाजूंचा कॅस्टर आहे ना, हे पाहावे.

ढिलेपणा आधी शोधावा, कोन नंतर सुधारावा

कॅस्टर कमी झाल्याने गाडी भरकटते. पण झटक्यांची मालिका सुरू होण्यासाठी बहुधा सांध्यांतला खेळही लागतो, आणि ढिल्या सांध्यांवर कॅस्टर वाढवला तर झटके कमी होण्याऐवजी वाढल्याची उदाहरणे आहेत. म्हणून माझ्या मते हा क्रम मोडू नये.

गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी ठेवून एकाने स्टीअरिंग मध्यापासून दोन्ही बाजूंना थोडे थोडे, सतत फिरवत राहावे आणि दुसऱ्याने खाली बसून गीअरबॉक्ससारख्या दिसणाऱ्या स्टीअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतचा प्रत्येक सांधा पाहावा. हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असावेत. पिटमन आर्म (स्टीअरिंग बॉक्समधून निघणारी भुजा) हलतो पण ड्रॅग लिंक (ती हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) उशिरा हलते, किंवा स्टीअरिंग बॉक्सच चॅसीवर डोलतो, हे डोळ्यांनी स्पष्ट दिसते. चॅसीला बॉक्सच्या बोल्टांपाशी बारीक तडा गेला आहे का, तेही त्याच वेळी तपासावे. आमच्या खाऱ्या हवेत आणि सुमारे 3000 मिलिमीटर पावसात तिथला गंज दुर्लक्षित राहतो.

त्यानंतर पुढचे एक्सल जॅकवर घेऊन आणि त्याखाली पक्का टेका देऊन चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे आणि ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनचे बेअरिंग झिजले आहे. आमच्या मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारले होते, "किंगपिन बघितले काय?" आणि मी नवे टायर घेण्याच्या घाईत ते मनावर घेतले नव्हते. उजव्या बाजूचे खालचे बेअरिंग उघडल्यावर आतले ग्रीस दुधाळ चहासारखे झालेले होते. व्हाळातून गाडी नेताना सील कोरडी पडलेली असली की पाणी आणि तांबडी माती आत शिरते. आमच्याकडे हे बेअरिंग दर पावसाळ्यानंतर तपासायलाच हवे, मग गाडी उंच असो वा नसो.

स्टीअरिंग डॅम्परबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो रस्त्याचे धक्के मऊ करण्यासाठी असतो. त्याने थरथर थांबली तर ढिलेपणा झाकला गेला एवढाच अर्थ निघतो, आणि झाकलेला ढिलेपणा तोवर वाढत जातो. तपासणीच्या वेळी डॅम्पर एका टोकाने सोडून ठेवावा.

सुधारणा कशी केली

कॅस्टर परत मिळवण्याचा प्रचलित उपाय म्हणजे पाटा आणि एक्सलची बैठक यांच्यामध्ये बसवायची उतरती लोखंडी पाचर. ती कोणत्या दिशेने बसवायची याबद्दल मी गोंधळलेली माणसे पाहिली आहेत, म्हणून ते नीट सांगतो. जिप्सीसारख्या गाडीत पाटा एक्सलच्या खाली असतो, तेव्हा पाचरीची जाड बाजू पुढे ठेवावी लागते, जेणेकरून एक्सलचे नाक उचलले जाईल आणि किंगपिनचे वरचे टोक मागे जाईल. पाटा एक्सलच्या वर असेल तर जाड बाजू मागे येते. पाचर पोलादाची असावी, ॲल्युमिनियमची मऊ पाचर दाबाने फुटते. मधला बोल्ट नव्या जाडीला पुरेल इतका लांब घ्यावा आणि जुने, ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत.

या उपायाची किंमतही आहे. एक्सलचे नाक उचलले की मागे तोंड करून असलेला डिफरन्शियलचा पिनियन (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो ते टोक) खाली झुकतो आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. फोर-व्हील लावून चढण चढताना मग तिथून गुरगुर ऐकू येते. म्हणून मी पाचरींचा मार्ग घेतला नाही. लांब शॅकल काढून मूळ लांबीचे बसवले आणि पाटे 40 मिलिमीटर जास्त कमान देऊन नव्याने घडवून घेतले. कमान वाढवली की दोन्ही टोके जागेवर राहतात आणि मधला एक्सल जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे कॅस्टर फारसा हलत नाही. खर्च शॅकलच्या कित्येक पट आला. कोणी पैसे वाचवण्याविषयी विचारले तर मी हेच सांगतो की कमी उंची चालेल, पण ती पाट्यातून मिळवावी.

ड्रॅग लिंकचा उतारही पाहावा लागतो. ती जितकी आडवी, तितकी चाक वर-खाली होताना ती स्टीअरिंगला कमी ढकलते. उतार वाढला की प्रत्येक खड्ड्यावर गाडी स्वतःच थोडी वळते आणि बॉल जॉइंट आपल्या मर्यादेच्या टोकाला काम करत झिजतो. खाली वाकवलेला पिटमन आर्म हा त्यावर उपाय आहे, मात्र तो त्याच कामासाठी बनवलेला असावा. मूळचा आर्म किंवा लिंक तापवून वाकवणे अथवा वेल्डिंग करून लांब करणे हे कोणी कितीही खात्री दिली तरी करू देऊ नये. हा भाग तुटला तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही.

कॉइल स्प्रिंगच्या गाड्या

भाच्याच्या जिम्नीला 50 मिलिमीटर उंच स्प्रिंग बसवल्यावर त्याच तक्रारी वेगळ्या वाटेने आल्या. तिच्यातही पुढे सरळ एक्सल आहे, पण तो चॅसीला मागे जोडलेल्या दोन लांब आर्मनी आणि एका आडव्या पॅनहार्ड रॉडने धरलेला असतो. एक्सल खाली गेला की आर्म मागच्या टोकाभोवती फिरतात आणि एक्सलचे नाक खाली जाते. आर्म 800 मिलिमीटरचा धरला तर 50 मिलिमीटरला साधारण साडेतीन अंश कॅस्टर जातो. येथे आर्मच्या टोकाचे बुश बदलून, मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश बसवतात, आणि त्याने काही अंश परत मिळतात.

पॅनहार्ड रॉड तिरपा झाल्याने एक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो आणि ड्रॅग लिंकही तिरपी झाल्याने सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडे दिसते. ते चाक उपटून सरळ बसवू नये. गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली असेल तर स्टीअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर त्याच मध्यावर अवलंबून असतो आणि तो चुकला की यंत्रणा नको तिथे ब्रेक लावू शकते किंवा दिवा पेटतो. ड्रॅग लिंकच्या नटाने मध्य जुळवावा. पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर राहिल्या पाहिजेत, कारण दोन्ही एकाच कमानीत फिरल्या तरच खड्ड्यावर स्टीअरिंग स्थिर राहते. एकट्या लिंकचे टोक खाली आणून पॅनहार्ड तसाच ठेवला तर आजार वाढतो.

याच गाडीत तक्रार परत येण्याचे आणखी एक कारण सापडले आणि ते मी आवर्जून नोंदवतो. स्प्रिंग बदलताना गाडी जॅकवर असते आणि आर्मचे बोल्ट तिथेच आवळले जातात. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो ती त्याची आरामाची स्थिती ठरते, आणि गाडी खाली उतरली की तो कायम पिळलेला राहतो. असा बुश काही महिन्यांत फाटतो. गाडी चाकांवर उभी करून, दोन-तीनदा दाबून बसू देऊन, मगच हे बोल्ट शेवटचे आवळावेत.

थारचे प्रकरण वेगळे आहे. 2020 पासूनच्या थारमध्ये पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वेगळे धरणाऱ्या वर-खालच्या भुजा) आणि कॉइल स्प्रिंग आहेत, त्याआधीच्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या थारमध्ये टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) होता. दोन्हींत उंची वाढवली की टो आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलतात आणि टायर एका कडेने झिजतो, म्हणून येथे अलाइनमेंट हा खरा उपाय ठरतो. मात्र टॉर्शन बारचा बोल्ट फिरवून उंची घेतली तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही. आर्म रबराच्या थांब्यावर टेकून राहतो आणि प्रत्येक खड्ड्यावर धक्का बसतो. ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी टोपीला चीर पडून ग्रीस रिमवर उडालेले दिसले की कोन मर्यादेबाहेर गेला आहे हे ओळखावे.

उरलेल्या बाबी थोडक्यात सांगतो. चाक पूर्ण खाली लोंबत असताना स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकची नळी ताणत नाही ना, हे पाहावे. मागच्या एक्सलला जोडलेला लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर उंचीमुळे गाडी रिकामी आहे असे समजून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो, म्हणून त्याची जुळवणी पुन्हा करावी. हेडलाइट खाली वळवावेत. चोर्ला घाटातल्या धुक्यात समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारा झोत अपघाताला कारण होतो. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी जास्त झुकते आणि पूर्वीचा वेग आता सुरक्षित राहत नाही. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मज्जाव करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तीच भूमिका घेतली. कोणताही भाग घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

माझ्या गाडीचे यू-बोल्ट पहिल्या 100 किलोमीटरनंतर आणि पुन्हा 500 नंतर आवळले, तेव्हा दुसऱ्या वेळीही एक नट पाव फेरा आत गेला. कॅस्टर आता डावीकडे 3.3 आणि उजवीकडे 3.1 अंश आहे. नवे पाटे बसल्यापासून एक पावसाळा उलटला असून या काळात झटके एकदाही आलेले नाहीत. पाटे कडक झाल्यामुळे रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर पूर्वीपेक्षा उसळते, आणि शॉकॉप्सरची लांबी नव्या उंचीला थोडी अपुरी पडते हे मागच्या आठवड्यात व्हाळ ओलांडताना ऐकू आलेल्या ठोक्यावरून समजले. पुढची दुरुस्ती त्याचीच आहे.